तीन कणसांची बाटली

संपादकांचा फोन आला. "सर्जेराव, दिवाळी अंक आहे, जरा खुसखुशीत लिहा." खुसखुशीत हवं असेल तर शंकरपाळी तळा म्हणावं. मी रागात आहे. दोन वर्षं झाली, रागातच आहे, आणि हा राग चारचौघांत वाटून टाकल्याशिवाय यंदाचा फराळ मला अंगी लागायचा नाही.

कोल्हापुरात एका वाईन शॉपच्या काउंटरमागं मी सव्वीस वर्षं उभा होतो. उभा म्हणजे खरोखरच उभा. स्टूल होतं, पण त्यावर मालकांचं मांजर बसायचं. दारूच्या दुकानात काम केलं म्हटलं की लोक आधी माझ्या डोळ्यांत बघतात, लाल आहेत का. मग हळूच विचारतात, "रोज किती व्हायची?" एक चमचा. चहाचा चमचा. जिभेवर फिरवायचा आणि बेसिनमध्ये थुंकायचा. हे ऐकून लोकांची सहानुभूती एकदम बाटलीकडं वळते. "थुंकायचं? एवढी महागातली?" म्हणजे मी दारुडा निघालो असतो तरी चाललं असतं, पण थुंकणारा माणूस कोल्हापूरला सहन होत नाही.

माझं नाव झालं ते बर्बनमुळं. स्कॉचबद्दल बोलणारे आमच्याकडं पायलीचे पन्नास. प्रत्येक फौंड्रीवाल्याच्या मेव्हण्याला स्कॉच कळते. बर्बनवाला मी एकटा. बर्बन म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की. तिथल्या कायद्यानं तिच्यात निम्म्याहून जास्त मका लागतो. ती ओकच्या कोऱ्या पिंपात मुरवतात आणि पिंप भरण्याआधी आतून जाळून त्याचा कोळसा करतात. त्या जळक्या लाकडातून वर्षानुवर्षं जो रंग आणि वास उतरतो, तेवढाच तिचा. वरून रंग घालायचा नाही, साखर घालायची नाही, इसेन्स घालायचा नाही. या एका नियमावर मी फिदा होतो. वरून काही घालायचं नाही! हा नियम आमच्याकडं दुधाला लावला तर पहाटे निघालेल्या किती किटल्या रस्त्यातूनच उलट्या फिरतील, याचा विचार करा.

एकदा जोतिबाच्या डोंगराकडचे एक म्हातारबाबा दुकानात आले होते, क्वार्टर घ्यायला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला हे सगळं समजावून सांगत होतो. बाबा कान देऊन ऐकत होते.

"मका?" ते म्हणाले. "आमी म्हशीला घालतोय त्यो?"

"त्योच."

"आन् अमेरिकेत मानसं पित्यात?"

"पितात की."

"मग म्हशी काय पित्यात?"

सव्वीस वर्षांत मला निरुत्तर करणारा हा पहिला माणूस. दुसरा पुढं येईल.

दोन बाटल्यांत चांगली कुठली, हे सांगायची माझी एक पद्धत होती. तालमीच्या गावात वाढलोय, त्यामुळं पंचाशिवाय कुस्ती लावत नाही. माझा पंच म्हणजे तिसरी बाटली: साधी, कुठंही मिळणारी, जिची चव मला पाठ आहे. आधी पंचाचा चमचा, मग पहिली बाटली, परत पंच, मग दुसरी. प्रत्येकीत दोन थेंब पाणी. वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर नाकात नुसता भपकारा जातो. शेवटी एक थेंब तळहातावर चोळायचा. स्पिरिट उडून जातं, मागं राहतं ते खरं: भाजलेलं कणीस, लाकूड, गुळाच्या ढेपेला हात लागल्यासारखा वास. बनावट मालात मागं काही राहत नाही, किंवा राहिला तर वाढदिवसाच्या केकचा वास राहतो.

ही पद्धत मी शेकडो लोकांना शिकवली. किती जणांनी वापरली? मोजायला एका हाताची बोटं पुरतील. साखर कारखान्याचे एक संचालक होते. घरी काचेचं कपाट, आत दिवे, तीसएक दुर्मिळ बाटल्या, निम्म्या मीच शोधून दिलेल्या. एकही उघडलेली नाही. मी विचारलं, "साहेब, यातली चांगली कुठली वाटली?" म्हणाले, "मधली. तिचं खोकं लाकडी आहे." दुसरे एक बिल्डर. बाटली हातात घेऊन पाटीतल्या भाजीसारखं तिचं वजन करायचे. जड काच म्हणजे भारी माल. तिसरे गगनबावड्याचे, निवृत्त अधिकारी. त्यांचं नंतर सांगतो, त्यांच्यावर माझा राग वेगळा आहे.

बाटली दुर्मिळ का होते? कधी माल थोडाच काढतात, कधी भट्टी बंद पडते. पण खरं कारण एकच: शेजाऱ्याकडं नाही म्हणून हवी. मिळाली की फोटो. फोटो झाला की कपाट. पिंपात दहा वर्षं जिवंत असलेली वस्तू कोल्हापुरात येऊन शोकेसमध्ये मरते. आणि ज्या थोड्यांनी उघडली, त्यांच्या रिकाम्या बाटल्या मी मागून आणायचो. हे वाक्य लिहिताना माझी मान खाली गेली आहे.

रिकाम्या बाटल्या आणायचं कारण म्हणजे मालकांचे मेहुणे. त्यांचं नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको. अत्तर एवढं मारायचे की ते दुकानात आले की माझं नाक दोन तास सुट्टीवर जायचं. त्यांनी सांगितलं, "एका रिसॉर्टचं काम घेतलंय, रिकाम्या बाटल्यांचे दिवे करून टांगायचेत. सर्जेराव, लेबल मात्र ओलं होऊ द्यायचं नाही हं. तुमच्या हातात कला आहे." कला म्हटल्यावर मी विरघळलो. प्रत्येक बाटली आतून गरम पाण्यानं धुवायची, बाहेर थेंब लागू द्यायचा नाही, उलटी टांगून वाळवायची, बूच जपून पिशवीत बांधायचं. सहा-सात वर्षं मी हे काम हौसेनं केलं. त्या रिसॉर्टला जाऊन एकदा दिवे बघावेत, हे मला सुचलं नाही. घोडचूक म्हणतात ती ही. घोड्यालाही राग येईल.

असो. अप्पा आले ते दुपारचे, नाकाला उपरणं लावून.

कबनूरचे शिवलिंगाप्पा. वय सत्तरीच्या आसपास, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आयुष्यात थेंब घेतलेला नाही. त्यांचे टॉवेलचे यंत्रमाग. दारू कशी मागतात ते माहीत नसल्यामुळं त्यांनी औषधाच्या दुकानात चिठ्ठी द्यावी तसा कागद पुढं केला. कागदावर बॉलपेननं तीन कणसं काढलेली होती.

"ह्ये हाय काय बगा."

मी कागद बघितला आणि उजेडात धरून पुन्हा बघितला. तीन कणसांचं लेबल! ती भट्टी कधीच बंद पडली आहे. फार पूर्वी एका आयातदाराच्या मालात तिच्या मोजून चार बाटल्या आमच्याकडं आल्या होत्या.

"अप्पा, ही कशाला पाहिजे तुम्हाला?"

"मला कशाला? अमेरिकेचं पावणं येनार हाईत."

मग त्यांनी उपरणं नाकावरून काढून सगळं सांगितलं. पाहुणा अमेरिकेत टॉवेल विकतो. मागच्या खेपेला आला तेव्हा अप्पांच्या घरी भाकरी खाताना सहज बोलला, की त्याचे वडील एका कापडगिरणीत कामाला होते. गिरणीला मोठं काम मिळालं की ते घरी येऊन तीन कणसांची बाटली उघडायचे. वडील गेले, बाटलीही निघायची बंद झाली.

"माझं चाळीस माग हाईत," अप्पा म्हणाले. "त्यातलं बावीस बंद. ह्या पावण्यानं ऑर्डर दिली तर समदं चालतील. न्हाय दिली तर भंगारवाला वजनकाटा घिऊन दारात हुबाच हाय."

"आणि बाटली दिल्यावर ऑर्डर मिळेल?"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला मांजरासारखं स्टुलाखाली जावंसं वाटलं.

"बाटलीवर कशाला मिळंल? टॉवेल चांगला हाय म्हून मिळंल. पर त्यांनी माझ्या ताटावर बसून वडलांची याद काढली. आपुन काय नुसतं ऐकून घ्यायचं?"

त्या वाक्यासाठी मी तीन आठवडे वणवण केली. सगळ्यात आधी गगनबावडा. ते निवृत्त अधिकारी, त्यांच्याकडं तीन कणसांची एक बाटली होती, मीच दिलेली. बंगल्यात पोहोचलो तर पावसानं भिंती हिरव्या, लेबलांवर बुरशी, आणि साहेबांनी सगळ्या बाटल्या आडव्या झोपवलेल्या. कुणी तरी सांगितलं होतं म्हणे, वाईन आडवी ठेवतात. वाईन ठेवतात हो! व्हिस्की आडवी ठेवली तर ती बूच खाते. तीन कणसांचं बूच भुसा झालेलं, निम्मी बाटली फळीनं प्यालेली.

"साहेब, आहे तेवढी तरी द्या," मी म्हणालो. "एका माणसाच्या वडिलांची आहे."

"छे, संग्रह मोडायचा नसतो. माझ्यामागं मुलगा ठरवेल."

"तुमच्यामागं तिच्यात वास तरी राहील का?"

"चहा घेणार?" साहेब म्हणाले.

मी चहा न घेता घाट चढून परत आलो असं लिहायला मला आवडलं असतं, पण गगनबावडा घाटाच्या माथ्यावरच आहे, चढायला घाटच नाही, आणि चहा मी घेतला. थंडी फार होती.

बाकी दोघांकडच्या संपल्या होत्या. चौथ्याकडची एका लग्नात कोलात मिसळून गेली होती. मी हात टेकले, आणि तेवढ्यात मेहुणे म्हणाले, "अहो, माझ्याकडं आहे की! सीलबंद. अमेरिकेहून परत आलेल्या एका इंजिनिअरची."

आता माझा धंदा काय? बाटली बघणं. माल कुठपर्यंत भरलाय, लेबलाखाली गोंदाच्या रेघा सरळ आहेत का, बुचावरचं मेण कसं ओतलंय, हे सगळं बघितल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या भावाकडूनही बाटली घेतली नसती. पण मालकांच्या घरच्या माणसाला "दाखवा बघू" कसं म्हणायचं? आमच्याकडं मालकाच्या मेहुण्याचा मान मालकापेक्षा अर्धं बोट वरच असतो. ते म्हणाले, "मी स्वतःच कबनूरला पोचवतो, तुम्ही कशाला त्रास घेता." मी मान डोलावली. अप्पांचा फोन आला, "सर्जेराव, खरी हाय न्हवं?" आणि मी, न बघता, म्हणालो, "मालकांच्या घरचं माणूस आहे अप्पा. डोळे झाकून घ्या."

पाहुणा आला. जेवण कबनूरलाच होतं, भर दुपारी. घरात बाटली आणायला अप्पांच्या पत्नीनं साफ मनाई केली होती, म्हणून मागाच्या शेडमधल्या ऑफिसात टेबल मांडलं. टेबलावर टेबलक्लॉथ म्हणून अप्पांचा सर्वांत चांगला टॉवेल. बाहेर अठरा माग खडखडत होते. पाहुण्याला दिसावं म्हणून अप्पांनी जेवणाच्या सुट्टीतसुद्धा बंद ठेवले नव्हते. मला मुद्दाम बोलावलं होतं. "वतायचं काम तुमचं. मला त्यातलं काय कळतंय?" मी माझा पंचही पिशवीत नेला होता.

मखमली पिशवीतून बाटली काढली. वाहवा! पुढचं लेबल झकास. मेण झकास. पाहुण्याला बाटलीचा इतिहास सांगायचा म्हणून मी ती ऐटीत फिरवली, आणि मागच्या लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात मला कुंकू दिसलं.

दसऱ्याला आमच्या दुकानात मालाची पूजा व्हायची. सुतार करवत पुजतो, आम्ही बाटल्या. एकेका प्रकारची एक बाटली मांडायची, झेंडूची माळ, आपट्याची पानं, आणि प्रत्येक बाटलीला ओलं कुंकू. पूर्वी मी ते पुढं लावायचो. गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली, "सर्जेराव, घरी बायको विचारती, ही कुठल्या देवाची?" तेव्हापासून मी मागच्या लेबलाच्या खालच्या कोपऱ्यात लावायचो, कुणाच्या नजरेत येऊ नये असं. अनामिकेनं. माझ्या अनामिकेला फुटलेल्या काचेची जुनी चीर आहे, त्यामुळं माझा ठिपका मधोमध दुभंगलेला उमटतो. कागदात मुरलेलं कुंकू जात नाही. हा ठिपका फिकट झाला होता, पण दुभंगलेला होता.

तीन कणसांच्या चार बाटल्यांपैकी पूजेत एकच बसली होती. ती एका फौंड्रीवाल्यानं घेतली, मुलाच्या बारशाला उघडली, संपवली, आणि रिकामी बाटली मी स्वतः त्याच्या घरून मागून आणली, स्वतः धुतली, उलटी टांगून वाळवली, बूच पिशवीत बांधलं आणि दिव्यासाठी मेहुण्यांच्या हातात दिली. आता ती माझ्या हातात होती. भरलेली. सीलबंद. अमेरिकेच्या इंजिनिअरची!

पाहुणा हसतमुख समोर बसलेला. अप्पा दाराशी, एखाद्या लग्नघरात वधूपिता उभा राहतो तसे. मी मेण फोडलं. वास आला आणि मला सगळं कळलं. देशी व्हिस्की, व्हॅनिलाचा इसेन्स, जळक्या साखरेचा रंग, आणि तळाशी मळीचा वास, जो गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्यानं गेलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराच्या नाकात बसलेला आहे. माझ्या मनात आलं, बाटली हातातून निसटल्याचं नाटक करावं आणि ती फरशीवर आपटावी. नाटक मला जमतं. पण मी ओतली. एका ग्लासात ती आणि शेजारच्या ग्लासात माझा पंच, खरी, साधी, प्रामाणिक बर्बन. मनात म्हटलं, त्यालाच कळू दे.

पाहुण्यानं पंचाचा घोट घेतला, मान हलवली, ग्लास बाजूला सारला. मग दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. उघडले तेव्हा ओले होते. "हीच," तो म्हणाला. "अगदी हीच."

त्यानं अप्पांचे दोन्ही हात धरले. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण दोघंही रडत होते. जेवण झालं, टॉवेल बघून झाले, ऑर्डर ठरली. चाळीसच्या चाळीस माग. जाताना पाहुण्यानं बाटली मागून घेतली, उरलेल्या मालासकट, वडिलांच्या फोटोशेजारी ठेवायला. माझ्या दसऱ्याचं कुंकू अमेरिकेला गेलं.

आणि मी? अप्पांच्या पत्नीनं भरलेलं वांगं वाढलं, ते मी खाल्लं. दुसऱ्यांदा मागितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी मेहुण्यांच्या अंगावर धावलो. मालक गल्ल्यावर होते. सगळं ओकून टाकलं. मेहुणे शांतपणे रुमालानं कपाळ टिपत राहिले.

"ओरडून झालं?" ते म्हणाले. "आता मला सांगा. पाहुणा खूश?"

"खूश."

"म्हाताऱ्याला ऑर्डर मिळाली?"

"मिळाली."

"मग सर्जेराव, तुमचं नेमकं काय दुखतंय?"

मला निरुत्तर करणारा हा दुसरा माणूस. मालक म्हणाले, "विषय संपला." आणि लाज वाटते, पण मीही कामाला लागलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरं काउंटर कोण देतंय? एवढंच केलं, की त्या दिवसापासून हाती आलेली प्रत्येक रिकामी बाटली मागच्या बोळात लोखंडी गजानं फोडायची. रोज. मालकांचं मांजर मला बघून पळायला लागलं. पण खरं सांगू? मेहुण्यांपेक्षा मला त्या पाहुण्याचा राग आला होता. आणि त्याहून जास्त स्वतःच्या जिभेचा. सव्वीस वर्षं चमचा-चमचा करून कमावलेली जीभ, आणि जिथं बोलायचं तिथं ती वांगं खात बसली.

वर्ष गेलं. एका दुपारी अप्पा दुकानात आले. या वेळी नाकाला उपरणं नव्हतं, चेहराभर हसू होतं.

"सर्जेराव, पावण्यांचा निरोप आलाय. पुन्यांदा येत्यात. म्हनत्यात, तसलीच आनखी एक मिळंल काय? डबल ऑर्डर द्यायच्या इचारात हाईत."

मालक गल्ल्यावरून लगेच म्हणाले, "मिळेल की! मेहुण्यांना सांगतो."

मी अप्पांकडं बघितलं. आता गप्प बसलो असतो तर तो माझा धंदाच झाला असता. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आलो, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला, आणि सगळं सांगितलं. कुंकू, दिवे, मळी. मालक मधे काही तरी ओरडले. अप्पांनी त्यांच्याकडं मान वळवली नाही.

"म्हंजी," सगळं ऐकून अप्पा म्हणाले, "म्या माझ्या घरात बसवून पावण्याला खोटं पाजलं."

"तुम्ही नाही अप्पा, आम्ही..."

"घर माझं न्हवं?"

त्यांनी फोन काढला. मी म्हटलं, "अप्पा, तिकडं रात्र असेल, आणि ऑर्डरचं..." त्यांनी हातानंच मला गप्प केलं. पाहुण्यानं फोन उचलला. वर्षभरात अप्पा थोडंफार इंग्रजी शिकले होते, टॉवेलपुरतं. ते दुकानाच्या मधोमध ताठ उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले:

"सर, दॅट बॉटल डुप्लिकेट. आय नॉट नोइंग. टॉवेल ओरिजिनल."

पलीकडून "व्हॉट?" एवढंच आलं. मग बराच वेळ प्रश्न. अप्पांनी फोन माझ्या हातात कोंबला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्याला सांगितलं, बाटली मागून बघा, खालच्या कोपऱ्यात लाल ठिपका आहे, मधोमध चिरलेला. तो उठून गेल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. एवढंच म्हणाला, कळवतो.

फोन ठेवल्यावर अप्पा माझ्यावर उलटले. आवाज चढवला नाही, त्यानं जास्त लागलं.

"ऑर्डर यील न्हायतर जाईल. तुमी माझ्या पानावर जेवलासा. त्याच दिशी का न्हाय बोललासा?"

मी किल्ल्या मालकांच्या गल्ल्यावर ठेवल्या आणि बाहेर पडलो. दारूबंदी खात्याकडं तक्रारीचा अर्जही केला. चौकशी झाली, पण पुरावा कुठं आहे, तर थोडा पोटात, आणि उरलेला बाटलीसकट सातासमुद्रापार. मेहुणे आजही अत्तर लावून हिंडतात. तुमच्या शोकेसमध्ये त्यांची एखादी बाटली असेल. बघा उघडून. बघणार नाही तुम्ही, माहीत आहे मला, आणि त्याच्यावरच त्यांचं दुकान चालतं.

ऑर्डर गेली नाही. पहिल्याएवढीच आली, डबल नाही, आणि तिच्याबरोबर एक अट आली. इथून पुढं अप्पांचा प्रत्येक लॉट बाहेरच्या तपासनिसानं तपासल्याशिवाय जहाजावर चढणार नाही. सूत खरं आहे का, वजन बरोबर आहे का, रंग सुटतो का. ज्या माणसानं आयुष्यात टॉवेलला कधी भेसळीचं सूत लावलं नाही, त्याचे टॉवेल आता कात्रीनं कापून, पाण्यात बुडवून, जाळून बघतात.

पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवशी अप्पांचा फोन आला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. उद्या धा वाजता कबनूरला या."

"कशाला?"

"या म्हनतोय न्हवं."

तेव्हापासून लॉट तयार झाला की मला फोन येतो. मी एसटीनं कबनूरला जातो. अप्पा मला तपासनिसाच्या समोर खुर्ची देतात आणि काही काम देत नाहीत. मी नुसतं बसायचं आणि बघायचं. तो टॉवेल कापतो, मी बघतो. तो धागा पेटवतो, राख बोटानं चुरगळतो, वहीत बरोबरची खूण करतो, मी बघतो. आजवर एकही टॉवेल नापास झालेला नाही. प्रत्येक खुणेला माझा राग चढतो, आणि कुणावर काढावा ते समजत नाही.

मागच्या महिन्यात तपासनीस नवा होता. तासभर माझ्याकडं चोरून बघत होता. शेवटी त्यानं अप्पांना विचारलंच, "हे साहेब कंपनीत कोण?"

अप्पा मोजून झालेल्या टॉवेलांची घडी घालत होते. मान वर न करता म्हणाले:

"हे न्हवं का? ह्यांच्यामुळंच तर तुमी हितं हायसा."